जुळवून आणणारी बाई

बेसिनच्या कडेवर केसांची काळी पिन… आपली नाही, आपले केस केव्हाच बारीक कापून टाकले—म्हणजे लेकीची. म्हणजे ती खरंच आली आहे, काल संध्याकाळी, नवऱ्याच्या घरून दोन मोठ्या बॅगा घेऊन, आणि परत जायचं नाव काढत नाही.

तिनं तोंडावर पाणी मारलं. शेवटचं प्रकरण आज प्रकाशकाकडे जायचं होतं. इतक्या कादंबऱ्या झाल्या, प्रत्येकीत शेवटी दोघं एकमेकांना सापडतात. वाचनालयात बायका नंबर लावून नेतात, समीक्षक नाकं मुरडतात—मुरडोत, त्यांच्या घरच्याही त्याच रांगेत असतात. आणि हे सगळं सुरू झालं एका बातमीपासून. ती वार्ताहर होती तेव्हा. कारखान्यात स्फोट झाला होता, गेलेल्या एका कामगाराच्या घरी ती गेली होती. त्याची बायको म्हणाली, "भांडून निघाले हो. पण जिन्यातून परत आले नि म्हणाले, दार नीट लावून घे." मुख्य उपसंपादकानं नेमकं तेच कापलं—"बाई, मृतांचा आकडा द्या, जिना कशाला?" बातमी छापून आली, बिनचूक, कोरडी ठणठणीत. मग घरी बसून तिनं लिहिलं: तो जिन्यातून परत येतो, आणि या खेपेस जातच नाही… आपण त्याला जाऊच दिलं नाही. तेव्हापासून कुणालाच नाही.

स्वयंपाकघरात लेक पाठमोरी उभी राहून चहा गाळत होती.

"आई, विचार की एकदाचं."

"काय विचारू?"

"मारतो का, दुसरी कुणी आहे का…"

"आहे?"

"छे गं. चांगलाय तो. पण दोघंच असलो की बोलायला काही उरतच नाही. तुझ्या पुस्तकांत हे कुठंच नव्हतं."

टोमणा नव्हता तो. लहानपणी नवा बूट चावतो म्हणून सांगायची, तोच आवाज. होईल गं सगळं नीट—ठेवणीतलं वाक्य जिभेवर आलंच होतं. पण वार्ताहर असतानाची, फार जुनी एक सवय आडवी आली: समोरचं माणूस थांबलं की आपण बोलायचं नाही. ती स्टूल ओढून बसली.

दोन कप पुढे ठेवून लेक म्हणाली, "अजून मला आधी वाढतो. मग मला रडूच येतं."

चहा निवत होता. याचं पुढं काय होणार—ती जाईल, राहील, तो येईल, न येईल—काही म्हणता काही सुचत नव्हतं. आणि सुचावं असंही वाटत नव्हतं. नुसतं ऐकत राहावं… या पोरीच्या आवाजात इतकी वळणं आहेत, आणि आपल्याला त्यातलं एकही माहीत नव्हतं.