तोंड भिंतीकडे

कॉलेजची बस तुरुंगाच्या फाटकाशी थांबली तेव्हा स्टम्बोसर पुढच्या सीटवरून उठले आणि पोट सावरत पोरांकडे वळले. उभा जन्म शेरिफच्या हाताखाली नोकरी करून ते निवृत्त झाले होते आणि आता कम्युनिटी कॉलेजात गुन्हा, कायदा आणि तुरुंग शिकवत होते. पुस्तकापेक्षा स्वतःच्याच गोष्टी जास्त सांगायचे, आणि पोरांनाही त्याच हव्या असायच्या.

"शेवटचं विचारतो," ते म्हणाले. "आत कुणाचं कुणी आहे? मामा, काका, नवरा, मेहुणा? लाजायचं कारण नाही. या डोंगरात ज्या घरातलं एकही माणूस आत जाऊन आलेलं नाही असं घर दाखवा, मी त्या दारात नाचतो. पण असेल तर आत्ता सांगा आणि बसमध्येच बसा."

"सर, माझा काका नुकताच सुटलाय," मागून डस्टिन ओरडला. "चालेल का?"

"तो परत यायच्या आत आपण बघून येऊ. चल उतर."

सगळे हसले. ट्रेसा मीडही हसली. हात मात्र तिने मांडीखाली घट्ट दाबून धरला होता.

तिचा बाप आत होता. अर्विन हॉल. पोरीनं आईचं आडनाव लावलं होतं, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. खाणीत छत कोसळून त्याची पाठ मोडली, डॉक्टरने दुखण्यावर गोळ्या दिल्या, आणि पुढे त्या गोळ्यांनीच माणूस गिळला. आधी घ्यायचा, मग विकायला लागला. त्या खोऱ्यात ही काही नवलाची गोष्ट नव्हती. खाणी बंद पडल्या आणि डोंगराचा माथा कापून तिथे तुरुंग आला, तेव्हा सरकारने रोजगार आणला म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणलाच म्हणा. अर्ध्या खोऱ्याला आत राहायचं काम मिळालं, उरलेल्या अर्ध्याला बाहेरून कुलूप लावायचं.

ट्रेसालाही ते कुलूपच हवं होतं. दुसरं होतं काय तिथे? तुरुंगातल्या कॅप्टन रॅटलिफबाई दर उन्हाळ्यात कॉलेजच्या पोरांमधून एखाददुसरं नोकरीला उचलायच्या. पण ज्या तुरुंगात आपलं माणूस, तिथे नोकरी नाही, हा नियम स्टम्बोसरांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिला होता. लपवलं आणि कळलं, तर कुठल्याच तुरुंगाचं दार उघडणार नव्हतं.

सकाळी ममॉनेही बजावलं होतं. ममॉ म्हणजे बापाची आई. ट्रेसाला तिनेच वाढवलं.

"सांगून टाक, पोरी. खोटं बोलून मिळवलेलं अंगी लागत नाही."

"सांगितलं तर बसमध्येच बसावं लागेल, ममॉ."

"मग बस की! काय बिघडतंय?"

काय बिघडत होतं ते ट्रेसाला आजीपुढे बोलता आलं नाही. कोर्टातून बेड्या घालून नेलं, त्यानंतर तिने बापाला पाहिलंच नव्हतं. तुरुंगाने भेटीच्या खोल्या बंद करून व्हिडिओचे पडदे लावले होते. त्या पडद्यावर बाप दिसायचा, पण कसला! तोंड मध्येच गोठायचं, ओठ आधी हलायचे, शब्द मागून रखडत यायचे. तिला तो एकदा हाडामांसाचा बघायचा होता. तो धुलाईखान्यात कामाला होता, आणि पोरांना धुलाईखान्यावरून नेणार होते. बोलायचं नाही, थांबायचं नाही. नजरेला नजर मिळाली की झालं.

आत गेल्यावर कॅप्टन रॅटलिफने सगळ्यांना बोळात उभं केलं. बुटकी, गोल बाई, पण बोलली की भिंतीही ऐकायच्या.

"हे तुमच्या पुस्तकात नसतं, म्हणून कान देऊन ऐका. बाहेरची माणसं आली की कैद्याने भिंतीकडे तोंड करून, हात मागे घेऊन उभं राहायचं. आपल्यातलं जे पुढे असेल त्याने ओरडायचं, 'भिंत!' सगळे पुढे गेले की त्यानेच म्हणायचं, 'मोकळे!' तोवर कुणी हलत नाही. कोण ओरडून बघतंय?"

डस्टिन पुढे झाला. त्याचा आवाज वरच्या वर फाटला आणि एक कैदी भिंतीकडे तोंड करून हसताना खांदे हलवत राहिला. "याला आधी कोंबड्यांवर सराव करू दे," कॅप्टन म्हणाली. मग तिने बोट केलं. "तू. मागे लपलीयस ती. ये पुढे."

ट्रेसा पुढे आली. बोळ वळला, आणि धुलाईखान्यातून ओल्या कपड्यांच्या गाड्या ढकलत काही माणसं समोरून येऊ लागली. त्यांतला एक खाली बघत येत होता. केस पांढरे झाले होते. कपडे अंगावर नुसते टांगल्यासारखे. पण एक पाय किंचित ओढत चालायची रीत तीच. अजून थोडं पुढे आला असता तर त्याने मान वर केली असती.

"आता," कॅप्टन कानाशी म्हणाली.

नाही म्हणता आलं असतं. घसा बसलाय म्हणता आलं असतं.

"भिंत!" ट्रेसा ओरडली.

गाड्या थांबल्या. माणसं वळली. तोही वळला. जे तोंड बघायला ती एवढं खोटं बोलून आली होती, ते तिने स्वतःच्याच तोंडाने फिरवलं.

आता फक्त पाठ. मानेवर तो निळा डाग, खाणीत कातडीखाली कोळसा शिरून कायमचा राहिलेला. लहानपणी ती त्याच्या खांद्यावर बसून त्या डागाला बोट लावायची. हात त्याने मागे घेतले होते. ती जवळ आली तसा उजवा हात उघडला, मिटला, पुन्हा उघडला. डोंगरात जिनसेंगची औषधी मुळं शोधायला जाताना वाट अरुंद झाली की बाप पुढे चालायचा, आणि मागे न बघता हात असाच मागे करून बोटं हलवायचा. म्हणजे, धर.

आवाजावरून त्याने आपल्याला ओळखलंय, हे तिला कळलं. हात धरला नाही. बाजूने चालत गेली, बोळ वळला, आणि मग काय दाखवलं, काय सांगितलं, यातलं तिला काही आठवत नाही. एवढंच आठवतं की कॅप्टनने खांद्यावर थाप मारली. "आवाज आहे पोरीला. उन्हाळ्यात ये माझ्याकडे."

रविवारी बापाचा फोन आला. ममॉ चुलीपाशी बीन्स ढवळत होती, मक्याचा पाव निवत ठेवला होता. आधी यंत्राची बाई बोलली की हे बोलणं नोंदवलं जात आहे. मग बाप.

"बरी आहेस ना, पोरी?"

"बरी आहे, डॅडी. तुम्ही?"

"मस्त. परवा इथे कॉलेजची पोरं आली होती. मला काही दिसलं नाही, आमची तोंडं भिंतीकडे. पण एक पोरगी ओरडली. आवाज चांगला होता. जरा थरथरला. तुझ्या वर्गातली असली तर सांग तिला, पोटातून काढ म्हणावं. नाहीतर आमचे हे वळू कुणाचं ऐकत नाहीत."

ट्रेसाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकतेस ना?"

"हो, डॅडी."

"आणि हे बघ, मी बदली मागितलीय. पार पश्चिमेला, सपाट मुलखात. तिथे शेतावर काम देतात म्हणे. इथल्या वाफेनं छाती भरते."

"छाती कधीपासून भरायला लागली?" तिचा आवाज चढला. "खाणीत नाही भरली ती? भेटी पुन्हा सुरू झाल्या तर तिकडे ममॉ कशी यायची? मी कशी यायची?"

"पडदा तिकडेही असतोच की. हट्ट करू नकोस. उन्हाळा जवळ आलाय."

ममॉच्या हातातला डाव बीन्समध्येच थांबला होता. ट्रेसाने तिच्याकडे पाठ केली. आता खरं बोललं तर नोकरी जाणार होती आणि न बोललं तर बाप. तो इथे नसला की नियम आड येणार नव्हता; बापाने निवड तिच्या हातातून अलगद काढून घेतली होती, लहानपणी जड ओझं काढून घ्यायचा तशी. याचा तिला राग आला, आणि रागाहून जास्त रडू.

"एक मात्र सांग त्या पोरीला," बाप म्हणाला. "'मोकळे' म्हणायला विसरली ती. आम्ही आपले उभे. गाड्यांतून पाणी टपकतंय, नाकं भिंतीला. शेवटी एका शिपायाला दया आली." तो हसला. "तसं बरंच झालं. माझं तोंड काही बघण्यासारखं नव्हतं तेव्हा."

एक मिनिट उरल्याचं यंत्राने सांगितलं.

"विसरली नसेल," ट्रेसा म्हणाली. "तिच्याच्याने म्हणवलं नसेल."

"असेल. पण म्हणावं लागतं, पोरी. ज्याने वळवलं त्यानेच सोडायचं. नियम आहे."

तिने फोन दोन्ही हातांनी धरला. आवाज पोटातून काढायचा प्रयत्न केला.

"मोकळे," ती म्हणाली.

 मग अधिकाऱ्यापुढे पाय जुळवून उभं राहिल्यासारखा तो म्हणाला, "हो, मॅम." आणि वेळ संपल्यामुळे फोन बंद झाला.