व्यायामशाळेच्या खड्ड्यातला दात

मार्लो फोर्कच्या हायस्कुलात मी लॅटिन शिकवायला रुजू झाले ती एकोणीसशे नऊच्या सप्टेंबरात. वय बावीस, कॉलेज नुकतंच संपलेलं. शाळेत अठरा शिक्षक आणि सात विभाग होते. दुपारच्या सुट्टीत कोणी कुठल्या खुर्चीवर बसायचं हे विभागावरून ठरे, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. खिडकीकडचं उबदार टोक लॅटिनचं. मग इंग्रजी, गणित, इतिहास. दाराशी, जिथे वारा येई तिथे, गृहशास्त्राच्या बाई, सुतारकाम शिकवणारे नॉर्वेचे हाल्वर्सन मास्तर, आणि अगदी शेवटी विज्ञानाच्या ऱ्होडा स्ट्रीटर बाई.

आमच्या विभागाच्या प्रमुख थियोडोशा पेल बाई. चौतीस वर्षं शिकवत होत्या. शाळेच्या मंडळावरचे निम्मे सभासद त्यांचे विद्यार्थी होते आणि अजूनही त्यांच्यासमोर टोपी हातात घेऊन उभे राहत. विज्ञानाची प्रयोगशाळा तळघरात, शाळा गरम ठेवणाऱ्या भट्टीला लागून होती. पेल बाई म्हणायच्या, "जिथे वास येतो तिथेच ती बरी."

स्ट्रीटर बाई उलट बोलत नसत. शेतकऱ्याची मुलगी, पस्तिशीची, दोन वर्षांचं अध्यापनाचं शिक्षण घेतलेली. पदवी नव्हती. बाह्यांना कायम गंधकाचा वास. मी खरं सांगते, पहिला महिनाभर मीही त्यांच्याकडे फारसं पाहिलं नाही.

ऑक्टोबरात शाळेमागच्या पाणथळ जागी व्यायामशाळेचा पाया खणायला घेतला. एका सोमवारी आम्ही जेवत असताना डोलन नावाचा गाडीवान चिखलाच्या बुटांनी थेट शिक्षकांच्या खोलीत आला. हातात पावाएवढं काहीतरी काळं होतं.

"टटल सर कुठे आहेत? घोडे अडलेत. खाली असले दगड लागतायत."

मुख्याध्यापक टटल सरांनी ते हातात घेतलं, फिरवून पाहिलं, म्हणाले, "दगडच आहे. फेकून दे आणि काम सुरू कर."

"सर," दाराकडून आवाज आला. "जरा मला बघू द्या."

स्ट्रीटर बाईंनी ते घेतलं आणि पाण्याच्या तोटीखाली धरलं. चिखल वाहून गेला. खालून तपकिरी, काचेसारखी चकाकणारी टेकाडं निघाली, एकापुढे एक, जोडीजोडीनं.

"हा दात आहे," त्या म्हणाल्या.

कुणीतरी फिस्सकन हसलं. पेल बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "अहो स्ट्रीटर, एवढा दात कुणाचा असेल? तुमच्या भट्टीवाल्याचा?"

"मॅस्टोडॉनचा. हत्तीचा जुना भाऊबंद म्हणा. हिमयुगाचं बर्फ वितळलं तेव्हा हे इथे फिरायचे. दहा हजार वर्षं तरी झाली असतील, जास्तच." मग त्या टटल सरांकडे वळल्या. मी त्यांना इतकं सलग बोलताना प्रथमच ऐकत होते. "सर, एक दात आहे तर बाकीचं जनावरही असेल. खणणं थांबवा."

टटल सर भले, पण भित्रे. कंत्राटदाराशी बोलून आले आणि म्हणाले, "शुक्रवार संध्याकाळपर्यंत. त्यानंतर तो खड्डा बुजवून पाया घालणार."

शाळा सुटल्यावर स्ट्रीटर बाई आणि हाल्वर्सन मास्तर खड्ड्यात उतरले. मी कुतूहलानं काठावर गेले. बाई गुडघ्यावर बसून चमच्यानं पांढरट चिकणमाती बाजूला करत होत्या. खचकन फावडं मारावं तसं काही नाही. आई तापलेल्या लेकराचं अंग पुसते ना, तशा. अंधार पडायच्या आत एक बरगडी मोकळी झाली. ती माझ्या उंचीची होती.

"आयडा, उतरतेस का खाली?" बाईंनी विचारलं. "एक हात कमी पडतोय."

मी उतरले. स्कर्टची वाट लागली. ती बरगडी मी तळहातानं पुसली आणि माझ्या अंगावर काटा आला. या गावात चर्च नव्हतं, रस्ता नव्हता, गावाला नाव द्यायला माणूस नव्हता, तेव्हा या हाडाआड श्वास चालला होता.

मंगळवारी पाठीचे मणके निघाले. बुधवारी सकाळी ऊन पडलं आणि घात झाला. इतकी वर्षं ओल्या मातीत राहिलेलं हाड उन्हात वाळू लागलं. आमच्या डोळ्यांसमोर पायाचं मोठं हाड तडतडलं, आणि त्याला वरपासून खालपर्यंत चीर गेली.

स्ट्रीटर बाई मटकन चिखलात बसल्या. "माझीच चूक," त्या म्हणाल्या. "पुस्तकात वाचलं होतं मी. ओलं ठेवायचं असतं. एवढ्या हाडांना झाकायला मी आणू काय?"

हाल्वर्सन मास्तरांनी अंगातला कोट काढून बादलीत बुडवला आणि हाडावर टाकला. पण हाडं होती चाळीसेक, आणि कोट एकच.

तेवढ्यात काठावर काठीचा आवाज आला. पेल बाई उभ्या होत्या. मला वाटलं, आता काहीतरी लागेल असं बोलणार. खाली सुळा अर्धा उघडा पडला होता, झाडाच्या बुंध्यासारखा जाड, पुढे वळत मातीत गेलेला. पण त्या त्याच्याकडेच बघत राहिल्या.

"मला हात दे गं," त्या मला म्हणाल्या.

सत्तरीच्या बाईला मी फळीवरून खाली उतरवलं. त्यांनी हातमोजा काढला आणि सुळ्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"चौतीस वर्षं मी मुलांना सांगत आले," त्या हळूच म्हणाल्या, "की दोन हजार वर्षं म्हणजे फार जुनं. आणि हा माझ्या खिडकीखाली झोपला होता." मग एकदम त्यांचा वर्गातला आवाज परत आला. "स्ट्रीटर, रडता काय? काय हवंय ते सांगा."

"ओली फडकी, बाई. खूप. आणि पिठाची खळ. पट्ट्या बुडवून गुंडाळायला."

"आयडा, माझ्या चौथ्या वर्षाच्या वर्गाला सांग, आज धडा नाही. घरी जाऊन जुन्या चादरी आणा म्हणावं. आईनं कारण विचारलं तर म्हणावं, पेल बाईंनी मागितल्यात."

त्या गावात तेवढं पुरे होतं. तासाभरात चादरी, पोती, टेबलावरची कापडं, एक लग्नातली रजईसुद्धा आली. गृहशास्त्राच्या चुलीवर वीस पातेली खळ शिजली. गणिताच्या सरांनी दोऱ्या बांधून खड्ड्याचे चौकोन पाडले आणि कुठलं हाड कुठे होतं ते इंचाइंचानं लिहून घेतलं. इतिहासाच्या सरांनी बादल्या वाहिल्या. इंग्रजीवाल्यांनी प्रत्येक गुंडाळीला चिठ्ठी शिवली. कंत्राटदार स्वतः बघायला आला, खिशात हात घालून उभा राहिला, आणि जरा वेळानं त्यानं आपली माणसं चिखल उपसायला लावली.

शुक्रवारी दिवस मावळायच्या आधी कवटी वर आली. सहा घोडे, बारा माणसं, आणि हाल्वर्सन मास्तरांनी ओकच्या फळ्यांची केलेली गाडी. ती काठावर टेकली तेव्हा तीनशे लोक जमले होते. डोलननं टोपी काढली. मग सगळ्यांनीच काढल्या.

हिवाळाभर हाडं तळघरात हळूहळू वाळली, सरसाचं पातळ पाणी पीत. तडकलेलं हाड बाईंनी चिकटवून घेतलं. डाव्या पुढच्या पायाचं एक हाड मात्र मिळालंच नव्हतं. गणिताच्या सरांनी उजव्या पायाची मापं उलटी करून काढली आणि हाल्वर्सन मास्तरांनी लाकडातून ते कोरलं. लोहारानं हाडं पेलायला आतली लोखंडी चौकट केली. एप्रिलच्या सुट्टीत आम्ही सगळा सांगाडा खालच्या मोठ्या दालनात उभा केला.

सुट्टीनंतरची पहिली सकाळ मी विसरणार नाही. साडेआठची घंटा झाली. चारशे मुलं नेहमीसारखी ढकलाढकली करत दारातून शिरली, आणि पुढची थबकली. मागची त्यांच्यावर आदळली, वर पाहिलं, आणि तीही थबकली. जिन्याच्या खिडकीतून ऊन बरगड्यांमधून आत येत होतं आणि फरशीवर पट्टे पडले होते. त्या दालनात मी त्याआधी कधी माझ्याच बुटांचा आवाज ऐकला नव्हता. एक मुलगी रडायला लागली. का रडतेस विचारलं तर म्हणाली, "माहीत नाही, बाई. हा खरंच होता ना?"

मे महिन्यात विद्यापीठातून प्राध्यापक ॲम्ब्लर आले. पांढरी दाढी, जगभर खोदकाम केलेला माणूस. त्यांनी सांगाड्याभोवती तीन फेऱ्या घातल्या. वाकले, पायाला हात लावला.

"यातलं एखादं हाड बनवलेलं आहे का?"

"एक आहे," टटल सर म्हणाले.

प्राध्यापकांनी बराच वेळ शोधलं. सापडलं नाही. शेवटी हाल्वर्सन मास्तरांनी लाजत बोट दाखवलं.

"हे काम कुठल्या प्राध्यापकाच्या देखरेखीखाली झालं?"

स्ट्रीटर बाई मागे, भिंतीला टेकून उभ्या होत्या, नजर खाली. पेल बाईंची काठी फरशीवर आपटली.

"आमच्या विज्ञान विभागाच्या प्रमुखांच्या," त्या म्हणाल्या. "पुढे या, स्ट्रीटर."

प्राध्यापकांनी हॅट काढली. "बाई, तुम्ही कुठे शिकलात?"

"वडिलांच्या शेतावर," स्ट्रीटर बाई म्हणाल्या. "आणि तळघरात."

कुणी हसलं नाही. प्राध्यापक जिन्याच्या पायरीवर बसले, वही काढली आणि म्हणाले, "मग मला पहिल्यापासून सांगा. मातीचे थर कसे होते?"

बाई सांगू लागल्या. आधी अडखळत, मग ओघात. एक तास झाला, दोन झाले. आमच्यातलं कुणीच घरी गेलं नाही. हात हवेत हलवत त्या बर्फ मागे सरकताना दाखवत होत्या, ओल्या रानात ते एकटं जनावर चालत येताना, दलदलीत पाय रुतताना. आणि ते सगळं जणू तिथे, आमच्या फरशीवर घडत होतं.

पुढच्या तीन उन्हाळ्यांत त्या विद्यापीठात गेल्या आणि पदवी घेऊन आल्या. प्राध्यापकांनी त्यांना तिथेच नोकरी देऊ केली होती. नको म्हणाल्या. कारण मी एकदा विचारलं होतं.

"तिकडे खूप हाडं आहेत गं," त्या म्हणाल्या. "पण सकाळी साडेआठला तिथे चारशे मुलं वर बघत नाहीत."