शिवप्पांची चादर

मित्रांनो, मी सोलापूरच्या भवानी पेठेतला एक जुना संगणक आहे. माझं वय चौदा. माणसांत हे शाळेत जायचं वय, आमच्यात भंगारात जायचं.

माझे मालक शिवप्पा चादरींची डिझाइनं काढायचे. आमच्या घराच्या खाली माग चालतात, त्यामुळे कापसाचा बारीक भुसका घरभर उडतो. शिवप्पा तो माझ्यात साठू देत नसत. दर खंडेनवमीला अवजारांच्या पूजेआधी ते माझी बाजूची पत्र्याची झडप उघडायचे, पंखा ब्रशने साफ करायचे, आणि मगच मला विभूती लावायचे. काम संपलं, मी बंद होऊन गार झालो, की माझ्यावर एक जुनी चादर टाकायचे. "माज्याआधी हा म्हातारा व्हायला नको," असं म्हणायचे. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीचं, सिद्धेश्वरीचं लग्न ठरलं. तिच्यासाठी ते स्वतः एक चादर काढायला बसले. काठावर जत्रेत मिरवतात त्या उंच काठ्यांची, नंदीध्वजांची रांग, मध्ये वेल. काठ पुरा झाला. वेल अर्धी असतानाच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. लग्न पुढे ढकललं.

मग घरची सूत्रं त्यांच्या बायकोकडे, निंगव्वांकडे आली. नवऱ्याची वस्तू म्हणून त्यांनी मला जिवापाड जपलं. खंडेनवमीला हार घातला, नारळ फोडला, पण झडप काही उघडली नाही. आणि भुसका उडतो म्हणून चादर चोवीस तास माझ्या अंगावर ठेवली, मी चालू असतानासुद्धा. माया होती हो ती. पण माझा जीव तिच्याखाली गुदमरत होता.

या वर्षी लग्नाची नवी तारीख निघाली. राहिलेली वेल पुरी करून चादर विणून घ्यायची आणि तिच्या अप्पांच्या, म्हणजे शिवप्पांच्या हाताने अंगावर घ्यायची, एवढीच सिद्धेश्वरीची इच्छा होती. नोकरीवरून आली की ती माझ्यापुढे बसायची. दहा मिनिटांत मी तापायचो, बंद पडायचो आणि आपोआप पुन्हा सुरू व्हायचो. मला बोलता येत नाही, मित्रांनो. बंद पडणं हेच माझं ओरडणं होतं.

एका माणसाला ते कळत होतं. खाटेवरचे शिवप्पा डावा हात उचलून माझ्यावरची चादर ओढायला बघायचे. निंगव्वा म्हणायच्या, "थंडी वाजतीय व्हय तुमाला?" आणि आणखी एक चादर आणून त्यांच्याच अंगावर घालायच्या. शिवप्पा डोळे मिटून घ्यायचे.

शेवटी सिद्धेश्वरी कामावर असताना निंगव्वांनी सात रस्त्यावरच्या दुकानातून दीपक नावाच्या कारागिराला बोलावलं. पडदा घरीच ठेवून तो फक्त माझा डबा घेऊन निघाला. "व्हायरस असंल. समदं पुसून नवीन टाकावं लागंल. यात काय महत्त्वाचं हाय का, मावशी?"

"न्हाय बाबा," निंगव्वा म्हणाल्या. "चित्रं घरीच हायती."

चौदा वर्षं त्यांनी ती चित्रं पडद्यावरच पाहिली होती. ती पडद्यातच राहतात, असं त्यांना वाटलं तर त्यात त्यांचं काय चुकलं? मी ऐकत होतो, आणि माझ्या पोटातली सगळी डिझाइनं दुकानात पुसली गेली.

संध्याकाळी मी घरी परत आलो आणि सिद्धेश्वरीने मला सुरू केलं. कोरा निळा पडदा. निंगव्वा पदराने पडद्याची काच पुसत राहिल्या. "यातच व्हती की गं. मी कुटं दिली न्हायती."

तेवढ्यात मी पुन्हा बंद पडलो.

दुसऱ्या दिवशी दीपक आला. या वेळी त्याने चादर काढली, झडप उघडली, आणि पंख्यातून मूठभर भुसका बाहेर आला. तो गोळा त्याने सिद्धेश्वरीपुढे धरला. "व्हायरस न्हवताच, ताई. मी आदी हे उघडून बघाया पायजे हुतं." पुसलेलं परत मिळवायला त्याने दोन दिवस खटपट केली. काही हाती लागलं नाही.

निंगव्वांनी ती जुनी चादर उचलली आणि खाटेकडे पाहिलं. शिवप्पांचा डावा हात तसाच अर्धा उचललेला होता. त्या खाटेशी जाऊन बसल्या. "तुमी हेच सांगत हुता व्हय इतकं दिस," म्हणाल्या, आणि त्याच हातावर डोकं टेकून रडल्या.

आता मी गार असतो, बंद पडत नाही. पण माझ्याकडे शिवप्पांचं जुनं काहीच उरलेलं नाही, आणि ती चादर विणायची राहूनच गेली. लग्नाच्या आदल्या दिवशी सिद्धेश्वरीने त्यांना माझ्यापुढे बसवलं आणि माउस डाव्या हाताखाली दिला. नंदीध्वजाची एक काठी काढायला त्यांना अर्धा तास लागला. ती वाकडी आली. सिद्धेश्वरीने तिची पेनड्राइव्हवर प्रत घेतली आणि पेनड्राइव्ह पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला.

मित्रांनो, मला हार नको, नारळ नको. वर्षातून एकदा झडप उघडा, आणि जे जपायचं त्याची प्रत दुसरीकडे ठेवा. आणि तुमच्या घरात बोलता न येणारं कोणी हात उचलत असेल, तर त्याच्या अंगावर पांघरूण घालण्याआधी तो हात कुठे जातोय तेवढं बघा.