जिवंत फ्लोचार्ट

मामांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये भाचीला शिकवायची नोकरी लागली, तेव्हा आईने तिला एकच ताकीद दिली, "काय हवं ते शिकव, पण मामाच्या तोंडाला लागू नकोस." भाचीने मान डोलावली. मान डोलवायला काय जातं!

मामांचा सगळा जीव फ्लोचार्टवर. प्रोग्राम लिहिणं त्यांच्या लेखी हमाली. खरी विद्या म्हणजे चौकटी आणि त्यांना जोडणारे बाण. बाण वाकडा आला की मार्क गेले. साध्या दोन आकड्यांच्या बेरजेसाठी मुलं पट्टी, स्टेन्सिल आणि रंगीत पेनं घेऊन तासभर घाम गाळत. बेरीज करायची मात्र राहूनच जाई.

वार्षिक कार्यक्रमाला शिक्षण मंडळाचे अध्यक्ष येणार म्हटल्यावर मामांच्या डोक्यात किडा वळवळला. जिवंत फ्लोचार्ट! एक ते दहाची बेरीज रंगमंचावर करायची. मुलं गळ्यात पुठ्ठे अडकवून स्वतःच चौकटी होणार. आकृती मामांनी जातीने काढली आणि भलीमोठी छापून आणली.

भाचीने आकृतीतल्या बाणांवरून बोट फिरवून पाहिलं.

"मामा, आकडा एकाने वाढवायची चौकट कुठाय?"

"इथे सर म्हणायचं."

"सर, चौकट कुठाय?"

"काढून टाकली. एका बाजूला जास्त झाल्या होत्या, आकृती लंगडी दिसत होती."

"पण मग आकडा एकावरच राहील. दहाच्या पुढे गेल्याशिवाय हे थांबणार नाही, आणि तो तर जागचा हलणारच नाही."

"अगं, एकानंतर दोन येतात हे शेंबडं पोरही जाणतं. तेही लिहायचं?"

"मशीनला लिहूनच द्यावं लागतं."

"कार्यक्रमाला मशीन येणार आहे की अध्यक्ष?"

तिने निमूटपणे मुलांची तालीम घेतली. "पुठ्ठ्यावर असेल तेवढंच करायचं. स्वतःची अक्कल अजिबात पाजळायची नाही," असं तिने बजावलं. हे सांगताना तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, असं मात्र म्हणता येणार नाही. तालमीत मामा दोनेक फेऱ्या बघायचे, "झकास!" म्हणायचे आणि चहाला उठायचे.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल खच्चून भरला. एकाचा आकडा घेऊन एक पोरगा बेरजेची चौकट झालेल्या मुलाकडे धावला. बेरजेने फळ्यावर एक मिळवला. मग तो प्रश्नाच्या चौकटीपुढे उभा राहिला. ती चौकट म्हणजे वर्गातली सर्वांत खणखणीत आवाजाची मुलगी.

"आकडा दहापेक्षा मोठा आहे का? नाही! मागे जा!"

पोरगा मागे गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. फळ्यावरची बेरीज खऱ्या उत्तराच्या कधीच पुढे निघून गेली. पोरग्याला धाप लागली. पालक चुळबुळू लागले. मामा पडद्याआडून हातवारे करून थकले आणि शेवटी दबक्या आवाजात ओरडले, "अरे, थांबा!"

"सर, कसं थांबणार?" मुलगी भर सभेत म्हणाली. "आकडा अजून एकच आहे!"

हॉलमध्ये हशा पिकला. मामांनी पडदा खाली सोडला, तर तो अर्ध्यावर अडकला. त्याच्याखालून पोरग्याचे पाय फेऱ्या मारताना दिसतच होते.

आता मामांची अब्रू जाणार, असं वाटून भाचीला आधी गुदगुल्या झाल्या, मग थोडी कीवही आली. तेवढ्यात अध्यक्ष उठले. ते थेट माइकपाशी गेले.

"न थकता, न थांबता प्रयत्न! गणितातून इतकी मोठी शिकवण मी आजवर पाहिली नव्हती. ही आकृती प्रत्येक शाळेत लागली पाहिजे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मामांनी नम्रपणे हात जोडले, जणू सगळं आधीच ठरलं होतं. "बघितलंस?" ते भाचीच्या कानाशी पुटपुटले. "तू उगाच घाबरतेस."

परीक्षेत तोच प्रश्न आला. मामांच्या नमुना उत्तरात आकडा वाढवायची चौकट नव्हतीच. ज्यांनी ती आखली असेल त्यांचे मार्क कापायची सूचना होती. भाचीने सूचना बाजूला सारली, त्या मुलांना पैकीच्या पैकी दिले आणि आता भांडण होणारच म्हणून पदर खोचून मामांच्या खोलीत गेली.

मामा मंडळासाठी पोस्टरचा कागद निवडत होते. त्यांनी निकालाकडे ढुंकूनही न बघता सही ठोकली. "गुळगुळीत बरा की खरखरीत?" त्यांनी विचारलं.

मनासारखं झालं होतं. तरी घरी पोहोचेपर्यंत ती धुमसत राहिली.