लिमलेटच्या बोटांची साखर

मित्रांनो, मी रक्तातली साखर मोजणारं एक जुनं यंत्र आहे. तळहाताएवढा देह, काचेवर एक चरा, आणि माझ्यावर कुणाचा चटकन विश्वास बसत नाही.

आमच्या वस्तीत दवाखाना नव्हता. तपासणीला दोन बस बदलून जावं लागे आणि दिवसाची मजुरी बुडे. म्हणून आरोग्यसेविकेने मला एका घरी आणून ठेवलं. रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्याही फुकट दिल्या. तिथेच शंकेची पाल चुकचुकली.

"फुकट देतात म्हणजे पुढे काहीतरी गळ्यात मारणार," त्या घरातली आई म्हणाली. ती कारखान्यात लिमलेटच्या गोळ्या कागदात गुंडाळायची.

पहिल्या दिवशी तिने कामावरून आल्या आल्या बोट टोचलं. मी तीनशे ऐंशी आकडा दाखवला. घर हादरलं. सेविका धावत आली, आईचं चिकट बोट पाहून हसली. "अहो ताई, आधी हात धुवा! हे कारखान्यातली साखर मोजतंय." हात धुतल्यावर आकडा एकशे साठवर आला.

झालं! मी कायमचा खोटारडा ठरलो. पुढे आकडा चढला की आई मला पालथं घालायची.

"आई, आज तर साबणाने धुतलेस," मुलगी म्हणायची.

"नखात राहिली असेल. बावीस वर्षांची साखर, एका साबणाने जाते होय?"

मुलगी हसायची. तिलाही ते पटायचं, कारण तिला ते पटवून घ्यायचं होतं.

पुढे आईच्या पायाची जखम भरेना. मी पुन्हा तीनशे ऐंशी दाखवला.

"बघ, तोच आकडा. पाठ केलाय मेल्याने!" म्हणत आईने मला डब्यात टाकलं. दुसऱ्यांदा कुणी मोजलं नाही. महिन्याने मोठ्या दवाखान्यातल्या यंत्राने माझंच म्हणणं खरं ठरवलं, पण तोवर विष पायातून वर चढलं होतं. आई गेली, तेव्हा डबीत चाळीस पट्ट्या शिल्लक होत्या.

आता दर रविवारी मुलगी मला दारात मांडते. शेजारणी लांबूनच बघतात.

"काय गं, खरं सांगतं का हे?"

"त्याच्यावर विश्वास नका ठेवू, मावशी. हात धुवा, कोरडे करा. आणि आकडा जास्त आला तर दुसरं बोट द्या." दोन्हीदा जास्त आला, तर ती स्वतः त्यांना बसमध्ये बसवून दवाखान्यात नेते.

मित्रांनो, माझा संशय खुशाल घ्या. मात्र मला डब्यात टाकण्याआधी त्या संशयावर आणखी एक पट्टी खर्च करा.