पान सहा, सूचना तिसरी

घरगुती उपकरणांच्या खोक्यात जी छोटी पुस्तिका येते, ती लिहिणं हे माझं काम. इस्त्री, मिक्सर, पंखा, पाणी तापवायची किटली. इंजिनिअर मंडळी त्यांच्या भाषेत कच्चा मजकूर देतात आणि मी तो माणसांच्या भाषेत आणते. बारा वर्षं हेच करतेय. एवढ्या वर्षांत माझं लिखाण कोणी वाचल्याचं मला एकदाही आढळलं नव्हतं. पुस्तिका खोक्यातून निघते ती थेट ड्रॉवरमध्ये जाते आणि जुन्या बॅटऱ्यांच्या शेजारी पडून राहते.

आमच्या कंपनीने ओट्यावर ठेवायचा विजेचा ग्रिल काढला, तेव्हा पुस्तिका लिहायला एक नग मला घरी दिला आणि नंतर परत मागायला विसरले. खाचांच्या दोन जाड काळ्या प्लेटा, मागे बिजागरी, खाली तेल गळायला एक चपटा ट्रे. प्लेटा सुट्या निघत नाहीत. म्हणजे नळाखाली धरायची सोय नाही. जे काही पुसायचं ते तिथल्या तिथेच.

माझा नवरा शाळेत खेळाचा शिक्षक आहे. ग्रिल आल्यापासून त्याला दुसरं काही सुचेना. सकाळी ब्रेड-चीज, संध्याकाळी चिकन, मधल्या वेळी वांग्याचे काप. भाजायला हा, खायला हा, आणि पुसायला? "थंड झाला की पुसतो ना!" हे त्याचं ठरलेलं वाक्य. ग्रिल थंड व्हायचा, हा झोपायचा, आणि सकाळी खाचांमधली चरबी मेणासारखी घट्ट होऊन बसायची. बिजागरीत चीज गेलं ते मी टूथपिकने काढलं. एकदा ट्रे लावायलाच विसरला. सगळं तेल ओट्यावरून ओघळून चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये उतरलं. चाळीस चमचे धुतले मी. चाळीस!

"अरे, पुस्तिकेत सगळं लिहिलंय," मी म्हणायची.

"तू आहेस की घरात. पुस्तिका कशाला?"

पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एका रविवारी माझा तोल गेला. "बारा पानांची पुस्तिका आहे! या घरात कोणी ती उघडून बघेल तर शपथ!" मी ओरडले. सासरे बाहेर पेपर वाचत बसले होते. त्यांच्या पेपराचं पान उलटायचं थांबलं, एवढं मला जाणवलं.

सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. कारखान्यात एकोणतीस वर्षं क्रेन चालवली त्यांनी. वर केबिनमध्ये एकटं बसायचं, खालचा माणूस इशारा करेल तेवढंच करायचं. स्वतःची अक्कल चालवली की कोणाच्या तरी डोक्यावर लोखंड पडणार. त्यामुळे अण्णा बोलतात कमी आणि सांगितलेलं करतात तंतोतंत. ग्रिलच्या वाटेला ते तोपर्यंत कधी गेले नव्हते.

मंगळवारी साडेपाचला मी ऑफिसातून आले, तर जिन्यातच जळक्या प्लास्टिकचा वास. दार उघडं, खिडक्या सताड उघड्या. स्वयंपाकघरात अण्णा खुर्चीवर बसलेले, उजवा हात पाण्याच्या पातेल्यात. ओट्यावर ग्रिल उघडा, आणि दोन्ही प्लेटांवर ओटा पुसायचा माझा पिवळा कपडा वितळून च्युइंगमसारखा पसरलेला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आधी मुलगा, आता बाप!

"हे काय केलंत अण्णा? चालू ग्रिलमध्ये कपडा कोणी ठेवतं का?"

"साफ करत होतो."

"चालू असताना?"

"पुस्तिकेत होतं तसं केलं."

"पुस्तिकेत असं असूच शकत नाही. पुस्तिका मी लिहिलीय!"

"म्हणूनच तर वाचली," अण्णा म्हणाले, आणि पातेल्यातला हात जरासा हलवला. तेव्हा कुठे मला हाताचा अर्थ लागला. झाकण उघडताना वाफेचा लोट हातावर आला होता. चार बोटांच्या मुळाशी टरारून फोड. मी कपड्याकडे बघत उभी होते आणि हे गृहस्थ हात भाजून बसलेले.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे नेलं. मलम, बँडेज, आठवडाभर पाणी लावू नका. घरी आलो तर नवरा ग्रिलपुढे उभा. "आता चिकन कशावर करायचं?" म्हणाला. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो गुपचूप आत जाऊन कपडे बदलून आला आणि वरण-भाताचा कुकर लावायला लागला. लग्नाला अकरा वर्षं झाली, पहिल्यांदाच.

लाकडी उलथन्याने कपडा खरवडताना माझी धुसफूस चालूच होती. म्हटलं, अण्णांना तो नियम दाखवूनच देते, पुन्हा असं नको. पुस्तिका ड्रॉवरमध्ये नव्हती, जेवणाच्या टेबलावर होती. तिच्यात पेन्सिल ठेवलेली. पान सहा, 'स्वच्छता'. तिसऱ्या सूचनेखाली पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ:

'ग्रिल गरम असतानाच प्लेटांमध्ये ओला कपडा ठेवून झाकण बंद करा व दहा मिनिटांनी प्लग काढून पुसून घ्या.'

मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना खुर्ची ओढून बसले.

इंजिनिअरच्या मजकुरात ही चार वाक्यं होती. आधी प्लग काढा. दहा मिनिटं थांबा. कोमट असताना ओला सुती कपडा ठेवून झाकण लावा. मग पुसा. छापायच्या आदल्या दिवशी चित्रवाल्याने चित्र मोठं केलं, जागा उरली नाही, आणि मी चाराचं एक केलं. कोमटचं गरम झालं, सुती गळलं, प्लग शेवटी गेला. घरी जायची घाई होती. वाक्य कानाला छान लागत होतं.

मी पुस्तिका घेऊन अण्णांच्या खोलीत गेले.

"अण्णा, वाक्य माझं चुकलंय."

"मलाही वाटलं जरा विचित्र," ते म्हणाले. "पण म्हटलं, ही रोज हेच काम करते, हिला कळत असणार."

"तुम्ही मला फोन का नाही केलात?"

"लिहिलेलं असताना विचारायचं कशाला? बरं, अशा किती छापल्यात?"

"आठ हजार."

अण्णा ताडकन उठून बसले. "मग माझ्यापुढे काय रडतेस? खाली माणसं उभी आहेत!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेबांपुढे उभी राहिले. साहेबांनी पान सहा वाचलं, चष्मा काढला, पुसला.

"तक्रार आलीय का कोणाची?"

"माझ्या सासऱ्यांची."

"घरची तक्रार तक्रार नसते हो. पुढच्या छपाईत दुरुस्त करू." मग मला धीर द्यायला म्हणून हसले. "आणि काळजी कशाला करता? पुस्तिका वाचतं कोण!"

बारा वर्षं मी हेच बोलत आले होते. साहेबांच्या तोंडून ऐकताना मात्र टेबलावरचा पेपरवेट उचलून मारावासा वाटला. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा 'बघू' म्हटलं. ग्राहक विभागात गेले, तर तिथली बाई म्हणाली, तक्रार करणाऱ्याला स्वतः यावं लागतं.

गुरुवारी अण्णा स्वतः आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात अडकवलेला बँडेजचा हात, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीतून त्यांनी ग्रिल काढून साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि चष्मा लावून तिसरी सूचना मोठ्याने वाचली, अगदी सावकाश.

"साहेब, हा ग्रिल आता गरम आहे असं समजा. मी काय करू?"

"अहो, प्लग काढा!"

"कधी?"

"आधी! आधीच काढायचा, हे काय सांगायला लागतं?"

"इथे दहा मिनिटांनी लिहिलंय."

"पण माणसाला साधी अक्कल..."

"ती मी कामावर कधी चालवली नाही," अण्णा शांतपणे म्हणाले. "म्हणून एकोणतीस वर्षांत माझ्या क्रेनखाली कोणी मेलं नाही. तुमच्या वस्तूखाली कोण येतंय ते तुम्ही बघा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, बँडेजकडे बघितलं, प्लेटेवरच्या पिवळ्या डागांकडे बघितलं. मग फोन उचलला. गोदामात पाच हजारांवर खोकी शिल्लक होती; त्या प्रत्येकात दुरुस्तीची चिठ्ठी घालायची ठरली. विकलेल्यांसाठी दुकानांत सूचना लावायची. ती किती दुकानदार लावतील आणि किती माणसं वाचतील, देव जाणे. मला एक लेखी ताकीदही मिळाली. ती मी वाद न घालता घेतली.

चिठ्ठी शनिवारपर्यंत द्यायची होती. शुक्रवारी संध्याकाळी मी चार वाक्यं लिहून अण्णांना दाखवली. तिथून खरा छळ सुरू झाला.

"'कोमट' म्हणजे किती?"

"कोमट म्हणजे कोमट, अण्णा."

"तुझं कोमट वेगळं, माझं वेगळं. 'थोडा ओला कपडा'. थोडा म्हणजे?"

"पिळलेला!"

"मग पिळलेला लिही. आणि दहा मिनिटं कोणी मोजली?"

"इंजिनिअरने मोजली असतील."

"असतील?"

सात कागद फाडले मी. डोकं भणभणायला लागलं. नवरा दारातून डोकावला आणि आल्या पावली परत गेला. आठव्या वेळी अण्णांनी पुन्हा चष्मा लावला तेव्हा मी पेन आपटलं. "चला उठा!" म्हटलं, "मोजूनच टाकू!"

ग्रिल ओट्यावर मांडला, प्लग लावला. दिवा हिरवा झाल्यावर पाच मिनिटं राहू दिला आणि प्लग काढला. अण्णांनी डावा हात पुढे केला, मी त्यांच्या मनगटावरचं घड्याळ सोडून ओट्यावर ठेवलं. दर पाच मिनिटांनी मी प्लेटेच्या वर तळवा धरायची आणि ते विचारायचे, "धरवतो?" दहा मिनिटांनी नाही. पंधरालाही नाही. वीस मिनिटांनी धरवला, पण टेकवायची छाती होईना. पंचविसाव्या मिनिटाला मी बोट टेकवलं आणि टेकलेलं ठेवलं.

"आता माझं बघू," म्हणून अण्णांनी डाव्या हाताचं बोट पुढे केलं. प्लेटेला टेकवलं आणि लगेच उचललं.

"लिही," ते म्हणाले. "तीस लिही. म्हाताऱ्यांची कातडी पातळ असते."