शिडीचा भाऊ

माझं चष्म्यांचं दुकान आहे, वय एक्कावन्न, आणि गावात माझी ओळख एकच: शिडीचा भाऊ. शिडी म्हणजे माझा दादा, कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा एके काळचा हिरो. तीस वर्षं उलटली, तरी लोक डोळे तपासायला येतात आणि तक्त्यावरची पहिली ओळ वाचायच्या आत विचारतात, शिडी कसा आहे?

खरं सांगतो, दादाच्या प्रत्येक बास्केटला माझ्या पोटात दुखायचं. वाटलं होतं, वयाबरोबर थांबेल. आता त्याच्या स्नायूंनी एकेक करून संप पुकारलाय, आधाराशिवाय त्याला खुर्चीतून उठता येत नाही, आणि माझं पोट दुखतंच आहे. आजारी माणसाचा हेवा करणारा जगात मी एकटाच असेन.

याला कारण त्याचे चाहते. त्यांनी बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला, दवाखान्यात न्यायच्या पाळ्या लावल्या. घराच्या किल्ल्या त्यांच्यातल्या तिघांकडे आहेत. मी सख्खा भाऊ, पण बेल वाजवून आत जातो आणि कोणीतरी परका मला पाणी हवं का विचारतो. मागच्या वर्षी माझा पाय मोडला तेव्हा भेटायला एकच माणूस आला, तोही तयार झालेला चष्मा न्यायला.

दर रविवारी पाच वाजता ही मंडळी दादाच्या घराखाली रस्त्यावर जमतात. वहिनी मागून धरायची, दादा दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत उभा राहायचा आणि डावा हात वर करायचा, बास्केट झाल्यावर करायचा तसा. तेवढ्यावर लोक खूश होऊन घरी जायचे. या रविवारी मी तिथेच होतो, आणि दादाचा हात खांद्याच्या वर जाईचना. आज जमणार नाही असं खाली सांगू या, वहिनी म्हणाली. दादा ऐकेना. त्यांना कळलं तर ते तिथेच रडत बसतील, म्हणे.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. उंची तीच, खांदे तेच, नाक तर एकाच साच्यातलं.

"भाऊजी, तुम्ही उभे राहाल?"

मी दादाची जर्सी चढवली. आयत्या बिळावर नागोबा. पडदा सारला आणि डावा हात वर केला.

खालून जो आवाज उठला, तसा माझ्यासाठी आयुष्यात कधी उठला नव्हता. दुसऱ्या मजल्यावरचा माणूस ओळखता येत नाही म्हणजे यातल्या निम्म्यांना नंबर असणार, हे धंद्याच्या सवयीने लगेच मनात आलं. पण हात काही खाली येईना. दादा हात वर करायचा तो दहा सेकंद, मी चांगली दोन मिनिटं उभा होतो. वहिनी दोनदा 'पुरे' म्हणाली. मला वाटत होतं, हे माझंच होतं, फक्त पोहोचायला उशीर झाला.

शेवटी पडदा ओढून वळलो. दादा खुर्चीतून एकटक बघत होता. चोरी पकडली गेली असं वाटून माझा चेहरा उतरला.

"तुझ्यासाठीच ओरडत होते रे," मी म्हटलं.

"ते माहितीये मला. मी ओरडणं ऐकतच नव्हतो."

तो माझ्या खांद्याकडे बघत होता. ती नजर माझ्या चांगल्या ओळखीची होती. दुकानात चारी भिंतींना आरसे आहेत, रोज दिसते ती मला.

"किती सहज जातो रे तुझा हात, छोट्या," तो म्हणाला. "जळतो मी तुझ्यावर."

आयुष्यभर मला त्याच्या तोंडून हेच ऐकायचं होतं.

"परत एकदा कर ना," तो म्हणाला. "बघू दे मला."

मला काही केल्या तो हात उचलवेना.